धोंडीला बेडूक मिळाला नाही ते वर्ष

मी गणिताचा मास्तर. बेडकाशी माझा संबंध येण्याचं काही कारण नव्हतं. तो आला जिल्ह्याच्या वाटणीमुळे. लातूर वेगळा जिल्हा झाला, शाळेचे कागद उस्मानाबादऐवजी लातूरला जायला लागले, आणि ज्यांची घरं जुन्या जिल्ह्यात राहिली त्यांच्यापैकी काहींनी तिकडे बदल्या करून घेतल्या. आमचे विज्ञानाचे गुरुजी त्यांतले एक. त्यांच्या जागेवर कोणी आलं नाही. दोन वर्षं वाट पाहून तिसऱ्या वर्षी जूनमध्ये मोठ्या गुरुजींनी मला बोलावलं आणि सातवीचं विज्ञानाचं पुस्तक माझ्यापुढे सरकवलं.

"सर, मला विज्ञान येत नाही," मी म्हणालो.

"बेडकाला पाय किती?"

"चार."

"मोजता येतंय की. मग शिकवा."

गाव चाकूरच्या पुढे आठ किलोमीटरवर, एका ओढ्याच्या काठी. दुष्काळाचं ते लागोपाठ दुसरं वर्ष. वर्गात पोरं त्रेचाळीस. भिंतीवर प्राण्यांचा एक रंगीत तक्ता होता आणि विज्ञानाचे गुरुजी जाताना तो तिथेच सोडून गेले होते. पहिल्या दिवशी मी मुलांना पाटीवर दहा प्राण्यांची नावं लिहायला सांगितली आणि मला जे येतं तेच केलं, म्हणजे बेरीज मांडली. सिंह त्रेचाळीस जणांनी लिहिला होता. हत्ती बेचाळीस. जिराफ अडतीस. बेडूक दोन. खेकडा शून्य.

"अरे, ओढ्यात खेकडे पकडता ना तुम्ही रोज? मग खेकडा कसा नाही लिहिला?"

मागच्या बाकावरून उत्तर आलं, "गुरुजी, खेकडा जनावर कुठं हाय? खेकडा तर कालवण हाय."

सगळा वर्ग हसला आणि मी पण. पण रात्री जेवताना बायकोला ते सांगितलं तेव्हा ती हसली नाही. "अडतीस पोरांनी जिराफ पाहिलाय का?" तिने विचारलं. एकानेही पाहिला नव्हता. मी स्वतःही नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही फळ्यावर गावच्या शिवारातली जनावरं लिहून काढली. हे काम त्यांनीच केलं, मी फक्त खडू चालवला. मळ्या मासा, मरळ, झिंगा, खेकडा, कासव, बेडूक, दिवड साप, धीवर पक्षी, बगळा, टिटवी, घोरपड, मुंगूस, ससा, कोल्हा, सायाळ, लांडगा. सोळा झाली. मग चिठ्ठ्या टाकल्या आणि प्रत्येकाच्या वाट्याला एक जनावर दिलं. जनावरं कमी, पोरं जास्त, म्हणून बहुतेक ठिकाणी दोघं किंवा तिघं. प्रत्येकाने आपल्या जनावरावर आठवडाभर नजर ठेवायची, ते काय खातं, कुठं राहतं, किती आहेत, ते वहीत लिहायचं आणि शनिवारच्या सकाळच्या शाळेत सांगायचं.

हे सांगणं फार मजेचं असे. लांडगा ज्याच्या वाट्याला आला होता तो दर शनिवारी उभा राहून "गैरहजर" एवढंच म्हणायचा आणि बसायचा. सायाळवाल्याने एक काटा आणला आणि तो कानामागे खोचून महिनाभर फिरला. घोरपडवाला तिसऱ्या शनिवारी खाली मान घालून उभा राहिला.

"गुरुजी, घोरपड एकानं कमी झाली."

"कशामुळे?"

"काल मामा आलते पाव्हणे."

वर्ग हसून हसून पडला. मी विचारलं, "तू खाल्लीस?" तो म्हणाला, "रस्सा घेतला गुरुजी, फोडी न्हाई घेतल्या. माझ्याच वाट्याची होती ना ती." पण पुढच्या वेळी मामा आले तेव्हा या पोराने आधीच ओसरीवर बसून त्यांना घोरपडीबद्दल एवढं ऐकवलं, की ते चहा पिऊन उठले, असं त्याच्या आईने माझ्या बायकोला पाणवठ्यावर सांगितलं.

पाण्यातल्या जनावरांसाठी आम्ही ओढ्यावर जायचो. ओढा आटला होता. वडाच्या वळणाला एकच डोह शिल्लक होता. लांबी सव्वीस पावलं, रुंदी नऊ, मध्यभागी पाणी माझ्या कमरेला. मी एका बांबूवर खुणा केल्या आणि तो मध्ये रोवला. बेडकांची पहिली मोजणी झाली तेव्हा आकडा आला एकशे चाळीस. मला शंका आली. बेडूकवाली पोरं तीन, आणि तिघंही डोहाभोवती धावत, दिसेल तो बेडूक मोजत होती. एकच बेडूक उडी मारून तिघांच्या हिशेबात जात होता. मग मी काठ सारख्या भागांत वाटला, प्रत्येक भागावर दोन पोरं बसवली आणि शिट्टी वाजली की एकदाच मोजायचं ठरवलं. आता आकडा आला तेवीस. पुढच्या शनिवारी एकोणीस. मग चौदा. मग नऊ.

बांबूवरची खूणही तशीच खाली चालली होती. जिथे पाणी होतं तिथे चिखल, चिखल होता तिथे भेगा. पाणी कमी झालं तसे बगळ्यांचे दिवस आले. मुलांनी बगळ्याला चोर ठरवून दगड उचलले, तेव्हा बगळावाली दोघं मध्ये उभी राहिली. "त्यानं काय चाकूरच्या बाजारातून आणून खावं?" एकीने विचारलं. यावर वर्गात अर्धा तास भांडण झालं, आणि मला वाटतं त्या अर्ध्या तासात मी शिकवलं असतं त्यापेक्षा जास्त विज्ञान शिकवलं गेलं. निकाल असा लागला की बगळ्याने खाल्लं तर चालेल, आपण मात्र डोहात जाळं टाकायचं नाही आणि बैल धुवायचे नाहीत.

आषाढ अर्धा गेला, पाऊस नाही. बेडकांची संख्या चारवर आली. त्यांतले तीन बोटभर. चौथा मोठा, माझ्या पंजाएवढा. बेडूकवाल्या तिघांतल्या ज्या मुलीने तो आपला ठरवला होता तिचा आजा गावातला मानाचा माणूस. सगळे त्याला आबा म्हणत. मुलगी रोज शाळेआधी डोहावर जाऊन यायची आणि वर्गात येताच मला सांगायची, "हाय गुरुजी. दगडाखाली बसून राहिलाय." मग एके दिवशी म्हणाली, "गुरुजी, तो न्हाई, ती हाय. आन् पोटुशी हाय. पोट बघा कसं दोन्ही बाजूला आलंय. पाऊस पडला की अंडी घालंल." कुठून कळलं विचारलं, तर म्हणाली, "आमची म्हैस पण अशीच झालती."

मी वहीत लिहिलं: मोठा बेडूक, एक, मादी असावी. त्यातलं 'असावी' माझं.

त्याच आठवड्यात पारावर बैठक झाली आणि धोंडी काढायची ठरलं.

आमच्याकडे पाऊस ओढ देतो तेव्हा धोंडी काढतात. एक बेडूक पकडायचा, कडुलिंबाच्या पाल्यात गुंडाळून मुसळाला बांधायचा, दोघांनी मुसळ खांद्यावर घ्यायचं आणि गाणं म्हणत दारोदार फिरायचं. प्रत्येक घरची बाई दारात येऊन त्याच्यावर पाणी ओतते. सगळं गाव झालं की मुसळ ओढ्यावर नेऊन सोडतात. बेडूक तोवर बहुतेक मेलेला असतो. त्याकडे कोणी पाहत नाही, पाहायचे ते आभाळाकडे पाहतात. बेडूक निवडण्याचा मान त्या गावात आबांच्या घराण्याचा होता, आणि बेडूक मोठाच लागे. लहान बेडूक बांधला तर पाऊस लहान पडतो, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. मोठा बेडूक सगळ्या शिवारात एकच होता.

मुलीने घरी काय गोंधळ घातला ते मला दुसऱ्या दिवशी कळलं, कारण सकाळी नऊला आबाच शाळेच्या दारात आले. मागे पंधरा-वीस माणसं, एकाच्या खांद्यावर मुसळ, एकाच्या डोक्यावर लिंबाच्या पाल्याचा भारा.

"गुरुजी, पोरगी कालधरनं जेवली न्हाई. म्हनती, बेडकी पोटुशी हाय, तिला बांधायचं न्हाई. आता पोटुशीला बांधून गावातनं फिरवायची आपली बी छाती न्हाई. पन पोरीच्या सांगन्यावर म्या गावाची धोंडी थांबवू का? तुमी हिशेबाची मानसं. तुमी सांगाल ते खरं. हाय का पोटुशी?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मुलगी वर्गाच्या खिडकीत उभी होती. 'हाय' एवढा एक शब्द बोललो असतो तर बेडकी वाचली असती. पण मला खरंच माहीत नव्हतं. मी जन्मात कधी बेडकाचं पोट तपासलं नव्हतं. ती नुसती जाड असली तर? आणि उद्या कोणी विचारलं, गुरुजी तुम्ही कशावरून सांगितलं, तर माझ्याकडे पुरावा काय? त्रेचाळीस पोरांना मी जूनपासून सांगत होतो, मोजल्याशिवाय आकडा सांगायचा नाही.

"बघावं लागेल," मी म्हणालो.

"बघा की. कोन नको म्हनतंय?"

सगळी शाळा आणि अर्धं गाव डोहावर गेलं. आधी दोन तरुण पाण्यात उतरले आणि पाणी गढूळ करून बाहेर आले. मग मुलगी पुढे आली. "धा पावलं मागं सरका समदे," ती म्हणाली, आणि सगळे सरकले, आबासुद्धा. ती दगडाजवळ बसली, बराच वेळ हलली नाही, आणि मग दोन्ही हातांची ओंजळ खाली घालून बेडकी वर काढली.

पुस्तकात एवढंच दिलं होतं की नर बेडकाच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना सुरकुतलेल्या पिशव्या असतात, डरांव डरांव करताना त्या फुगतात. मादीला त्या नसतात. मी चष्मा पुसला आणि गळा पाहिला. मग मोठ्या गुरुजींना दाखवला, मग बगळावाल्या पोरीला. सगळ्यांचं एकमत झालं.

"मादी आहे. हे नक्की."

"आन् पोटुशी?"

"ते मला सांगता येत नाही," मी म्हणालो. मुलीने माझ्याकडे असं पाहिलं की अजून आठवलं तरी मला पायाखालची जमीन पाहावीशी वाटते. "मादी आहे. पोट मोठं आहे. आत अंडी आहेत की नुसतं खाऊन फुगलंय, ते मला कळत नाही. मला जेवढं कळतं तेवढंच मी सांगणार."

लोक कुजबुजायला लागले. मुसळवाल्याने मुसळ खांद्यावरून खाली घेतलं. तेवढ्यात मागून एक बाई म्हणाली, "मग जिला कळतं तिला बोलवा की."

आणि गेले की लोक बोलवायला. गावाची सुईण म्हणजे मशिदीमागे राहणारी एक म्हातारी, सगळ्यांची चाची. निम्मं गाव तिच्या हातावर जन्माला आलं होतं, आबांची ही नातसुद्धा. चाची आली ती चिडतच आली. तिला वाटलं, कोणाची बाई ओढ्यावरच अडली.

"कुठाय बाई?"

"ही," म्हणून मुलीने ओंजळ पुढे केली.

चाचीने एकदा बेडकीकडे पाहिलं, एकदा आबांकडे, एकदा माझ्याकडे. "सत्तर बरस की उमर में ये भी दिन दिखाया अल्लाने," ती म्हणाली. मला वाटलं आता ही चालायला लागणार. पण ती खाली बसली, पाण्यात हात भिजवले आणि मुलीवर ओरडली, "ऐसा पकडते क्या गे? उताणी नको धरू, जीव घाबरतो तिचा. सीधी धर."

मग तिने दोन बोटांनी बेडकीचं पोट दोन्ही बाजूंनी हळूच चाचपलं. बेडकीने पाय झाडले. साठ-सत्तर माणसं माना पुढे काढून बघत होती आणि एवढ्या माणसांमध्ये कोणाच्याही तोंडावर हसू नव्हतं; तेव्हा दाबलेलं ते हसू पुढे संध्याकाळभर पुरलं.

"हौ," चाची म्हणाली. "पेट से है. आन् एक-दोन न्हाई, लई हायत. दिवस भरलेत तिचे. पानी की राह देख रही है बिचारी, तुमच्यासारखीच."

"नक्की का चाची?" मी विचारलं.

"तू तुझी शाळा सांभाळ रे मास्तर. तेरे दोनो बच्चे किसने निकाले?"

आबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि परत घातली. "सोड ग तिला," ते नातीला म्हणाले. तिने ओंजळ पाण्यात धरली आणि बेडकी दगडाखाली गेली.

पण पाल्याचा भारा तसाच होता, मुसळ तसंच होतं, बायका घरोघर पाणी बाजूला काढून बसल्या होत्या. पिण्याला पाणी नाही अशा दिवसांत त्यांनी ते काढलं होतं. धोंडी तर काढायलाच हवी होती. एक म्हणाला, लहान बेडूक घ्या. दुसरा म्हणाला, मग पाऊसही तेवढाच घ्या. तेव्हा आबा म्हणाले, "माझ्या सासरवाडीला, देवणीकडं, मानूस बांधत्यात लिंबात. म्या बघितलंय डोळ्यानं."

"कोन होईल मानूस?"

जो तो शेजाऱ्याकडे बघायला लागला. मग लांडगावाला पोरगा, जो जूनपासून एका शब्दापलीकडे बोलला नव्हता, म्हणाला, "गुरुजी हायत की."

एवढ्या लवकर एवढं एकमत मी त्या गावात दुसऱ्या कोणत्याही गोष्टीवर पाहिलं नाही. मी मोठ्या गुरुजींकडे वळलो. "सर, मी सरकारी नोकर आहे."

"अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज द्या," ते म्हणाले. "कारण घरगुती लिहा."

माझ्या अंगाला कमरेपासून डोक्यापर्यंत लिंबाचा पाला बांधला. चष्मा ठेवू दिला. पुढे आबा, मागे पोरं गाणं म्हणत. घरं एकशे बासष्ट. कुणी तांब्या ओतला, कुणी फुलपात्र, एकीने भांडी विसळलेलं पाणी ओतलं. तिला मी काय बोलणार? बेडूकही कधी काही बोलला नव्हता. पाला भिजला की टोचतो आणि वाळला की खाजतो, हे मला त्या दिवशी समजलं. वर्षानुवर्षं बेडकाला समजत असणार. चाचीने आपल्या दारात तांब्या उलटा करताना म्हटलं, "तेरा भी पेट देखूं क्या?" आणि हसण्यापायी ती गल्ली पुढचा अर्धा तास हलली नाही. माझ्या स्वतःच्या दारात बायकोने भरलेली घागर आणली. मी पाल्यातून खुणावलं, एवढी नको, दोन दिवसांचं पाणी आहे. तिने पूर्ण ओतली.

पाऊस त्या दिवशी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. लोक मला रस्त्यात थांबवून विचारत, "काय गुरुजी, कवा?" जणू मीच पावसाची बदली अडवून ठेवली होती. एक-दोघांनी स्पष्टच सांगितलं की बेडकी बांधली असती तर आतापर्यंत पेरणी झाली असती. आबांना तर पारावर बसणं कठीण झालं. ते घरीच बसत. मुलगी शाळेत येऊन म्हणायची, "आजा बोलत न्हाई माझ्याशी." डोहात आता पाणी माझ्या गुडघ्याला होतं. बेडकी होती.

अकराव्या दिवशी पाऊस आला. धोंडीमुळे आला असं मी म्हणणार नाही. चाकूरलाही आला, तिथे कोणी धोंडी काढली नव्हती. गावाने मात्र श्रेय मला दिलं, आणि ते नाकारता नाकारता माझी पुरेवाट झाली. ओढा वाहिला. दुसऱ्या सकाळी मुलगी वर्गात आली ती रडत. डोहावर बेडकी नव्हती. दगडही जागचा हलला होता. पाणी मोकळं झालं की बेडूक डोह सोडून शेतातल्या साचल्या पाण्यात अंडी घालायला जातात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण हीच बेडकी गेली की वाहून गेली, ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून तेही मी तसंच सांगितलं.

चार दिवसांनी शनिवारी आम्ही शेतं पाहायला निघालो. गावात सगळीकडे पेरणीची घाई. आबांचं रान ओढ्याला लागून. त्यांची देवणी बैलजोडी औताला जुंपलेली होती आणि आबा काकऱ्या, म्हणजे पेरणीच्या रेघा, धरत चालले होते, पण खालच्या खोलगट कोपऱ्याजवळ आले की ते बैल वळवायचे आणि तो कोपरा सोडून पुढे जायचे. कोपऱ्यात घोटाभर पाणी साचलं होतं. मुलगी धावत गेली आणि पाण्याशी उकिडवी बसली. पाणी काळं दिसत होतं. जवळ गेलो तेव्हा ते हलत होतं. शेपट्या. मी मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली.

"आबा, एवढा तुकडा पेरायचा राहिला," मी म्हणालो. "अर्धा गुंठा तरी असेल."

"हाव," ते म्हणाले. बैल थांबवून त्यांनी कासऱ्याला गाठ मारली आणि नातीकडे न बघता म्हणाले, "बाळंतिणीच्या खोलीत कुनी औत घालतं का गुरुजी?"

मग तिच्याकडे वळून ओरडले, "ए, जेवायला घरी जा आता. का त्यांच्याबरोबर हितंच ऱ्हाती?"